अठरा मास्कांचा तोलबा

तोलबा शरबासी दिवसातून दोनदा दाढी करायचा. एकदा सकाळी घरी आणि एकदा दुपारच्या नमाजानंतर अग्निशमन केंद्राच्या मोरीत, थंड पाण्यानं. त्रेपन्न वर्षांच्या माणसाचा हा नीटनेटकेपणा बघून केंद्रात नवीन आलेल्यांना पहिले काही दिवस वेगळाच संशय यायचा. मग कुणीतरी सांगायचं की गालावर खुंट वाढले की मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, आणि अम तोलबाचं, म्हणजे तोलबाकाकांचं, कामच मुळी मास्क स्वतःच्या तोंडावर चढवून बघण्याचं आहे. रोज सहा, म्हणजे तीन दिवसांत अठरा, की पुन्हा पहिल्यापासून. बावीस वर्षं हे चालू होतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत त्याच्या चेहऱ्याला मास्कच्या कडेची एक फिकट रेघ कायमची पडली होती. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणायचा, "तुझ्या तोंडाला देवानं चौकट करून दिलीय. आत कुणाचं चित्र लावायचं तेवढं ठरव."

केंद्र होतं दुम्यातच्या सुतारवस्तीत. तिथं दर दुसऱ्या दारात रंधा चालतो, दर तिसऱ्या दारात पॉलिश, आणि उरलेल्या दारांत सोफ्यांचा फोम छतापर्यंत रचलेला. भुसा, थिनर, फोम आणि सिगरेट ओढणारे कारागीर, एवढं सगळं एकाच गल्लीत नांदत असल्यामुळं आठवडाभर आग लागली नाही तर केंद्रातली माणसं एकमेकांना तब्येत विचारायची.

तोलबा तिथं लागला तो आगीत शिरणारा माणूस म्हणून. अंगानं काटक, पायानं चपळ. एकतिसाव्या वर्षी एका फोमच्या गोदामात तो आणि त्याचा जोडीदार रिदा शिरले आणि आत गेल्यावर दोघांच्याही मास्कात धूर यायला लागला. तोलबा नऊ दिवसांनी इस्पितळातून घरी आला. रिदा चाळीस दिवसांनी आला, आणि येताना आवाज तिथंच ठेवून आला. आता तो बाजारात पांढरं चीज विकतो आणि गिऱ्हाइकाला भाव बोटांनी दाखवतो.

बरा झाल्यावर तोलबानं केंद्राची नोंदवही उघडून बघितली. त्या सकाळच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सर्व संच तंदुरुस्त.'

"हे कुणी लिहिलं?" त्यानं विचारलं.

एकदा विचारलं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याला चहा पाजला. तिसऱ्यांदा त्यानं तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांसमोर विचारलं, तेव्हा तेव्हाचे प्रमुख म्हणाले, "एवढी काळजी असेल तर तूच बस तिथं."

'तिथं' म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची, संडासाला लागून असलेली, पूर्वी कांदे ठेवायची खोली. केंद्रात तिला शिक्षेची खोली म्हणत. उशिरा येणारे, उलट बोलणारे आणि साहेबांच्या मेहुण्याला न ओळखणारे तिथं महिना-दोन महिने काढत आणि सुटका झाली की गल्लीत सरबत वाटत. तोलबा आत गेला तो बाहेर आलाच नाही. त्यानं भिंतीला चुना दिला, खुंट्या ठोकल्या, प्रत्येक संचाला नंबर दिला. सिलिंडर उघडायचा, बंद करायचा, आणि घड्याळ समोर ठेवून मिनिटभर काट्याकडं बघत बसायचं. काटा खाली सरकला तर कुठंतरी गळती आहे. मग हवा हळूहळू सोडायची आणि कान देऊन ऐकायचं, हवा संपत आल्याची शिटी वेळेवर वाजते का. शेवटी मास्क चढवायचा, नळीच्या तोंडावर तळवा दाबायचा आणि श्वास आत ओढायचा. मास्क गालफडांना चिकटला आणि चिकटून राहिला तर ठीक. नाही चिकटला तर त्या संचाच्या गळ्यात लाल चिठ्ठी. लाल चिठ्ठी असलेल्या संचाला गाडीवर जागा नाही, मग प्रमुख सांगोत की प्रमुखांचे प्रमुख.

या कामानं त्याच्या कानाची वाट लावली होती. कुठं बारीक फुस्स ऐकू आलं की त्याला राहवत नसे. खिशात साबणाच्या पाण्याची बाटली आणि दाढीचा जुना ब्रश असायचाच. इमारतीतल्या बायका गॅसच्या नळीसाठी कारागिराला न बोलावता त्याला बोलवायच्या. भाचीच्या लग्नात नवरा-नवरी मंचावर बसलेली असताना हा मागच्या बाजूनं फुग्यांना ब्रशनं साबण लावताना सापडला. त्याची बायको इनायत तेव्हा म्हणाली, "माझ्या माहेरच्यांना आता एवढंच सांगायचं राहिलंय की तुम्ही खुळे नाही आहात. पण ते मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"तीन फुगे गळत होते," तोलबा म्हणाला.

"आणि माझी इज्जत?"

तोलबानं यावर विचार केला, पण इज्जत साबणानं तपासता येत नसल्यामुळं त्यानं ब्रश खिशात टाकला.

आता या गोष्टीचं मूळ म्हणजे एक रबरी चकती. प्रत्येक मास्कात हनुवटीपाशी नाण्याएवढी एक पातळ चकती असते. सोडलेला श्वास तिच्यातून बाहेर जातो आणि बाहेरचा धूर तिच्यामुळं आत येत नाही. रबर म्हातारं झालं की चकतीच्या कडा पापडासारख्या वळतात. केंद्रातल्या चकत्या अशा वळायला लागल्यावर तोलबानं अठरा नव्या चकत्यांचा मागणीअर्ज केला. पहिला अर्ज परत आला, शिक्का फिका आहे म्हणून. दुसरा परत आला, कारणाच्या रकान्यात 'धूर' या शब्दाचा शेवट चौकटीबाहेर गेला होता म्हणून. तिसरा मंजूर झाला. वर्षभरानं खोकं आलं. त्यावर लिहिलं होतं, 'रबरी वस्तू, गोल, नग अठरा.' आत बेसिनची अठरा बुचं होती. साखळीसकट.

तोलबानं ती परत पाठवली. भांडारातून उत्तर आलं की योग्य शीर्षकाखाली मिळालेला माल परत घेतला जात नाही, आणि तो श्वसनसंचांच्या नोंदवहीत चढला असल्यामुळं त्याची दरमहा तपासणी करून अहवाल पाठवावा. तोलबा नियमाचा माणूस. त्यानं दर महिन्याला बादलीत पाणी घेऊन अठराही बुचं तपासली. सतरा ठीक होती, एक गळत होतं. त्यानं त्यालाही लाल चिठ्ठी बांधली.

दरम्यान सात मास्कांच्या चकत्या पार गेल्या. अठरापैकी अकरा संच धड उरले, आणि याच सुमाराला कर्नल नशात केंद्राचे प्रमुख म्हणून आले.

नशात बे, म्हणजे नशातसाहेब, वाईट माणूस नव्हते. त्यांना दोन गोष्टी मनापासून आवडत, रंग आणि टक्के. आल्या आल्या त्यांनी गाड्या रंगवल्या, फाटक रंगवलं, झाडांची खोडं रंगवली. अंगणात झोपलेलं मांजर थोडक्यात वाचलं. मग त्यांनी टक्के मागवले. गाड्या शंभर टक्के, शिड्या शंभर टक्के, पाण्याचे पाइप शंभर टक्के. पाइपांना भोकं होती, पण पाइपवाल्यानं ती मोजली नव्हती. श्वसनसंच एकसष्ट टक्के.

त्यांनी तोलबाला बोलावलं.

"अम तोलबा, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"देवाची कृपा, बाशा."

"घरी सगळं ठीक?"

"ठीक आहे, बाशा."

"मग हे एकसष्ट काय आहे? सगळं केंद्र शंभरावर असताना तू एकटा एकसष्टावर? लोक म्हणतील या माणसाला काहीतरी दुःख आहे."

"सात मास्कांत धूर शिरतो, बाशा."

"आत्ता शिरतोय?"

"आत्ता कुठं धूर आहे?"

"मग!" नशात बे खुर्चीत मागं रेलले. "धूर नसताना सात मास्क तंदुरुस्त आहेत. आपण अहवाल लिहितो तेव्हा धूर असतो का? नसतो. अहवाल लिहितेवेळी सर्व संच तंदुरुस्त. यात खोटं काय आहे, दाखव मला."

तोलबानं खूप शोधलं. खोटं समोर दिसत होतं, पण बोट ठेवायला जागा सापडत नव्हती. शेवटी तो म्हणाला, "सही कुणाची, बाशा?"

"तुझी. खोली तुझी, सही तुझी."

"मग नाही व्हायची."

"आणि त्या लाल चिठ्ठ्या काढ. पुढच्या आठवड्यात कैरोहून माणसं फोटो काढायला येणार आहेत. फोटोत लाल फार डोळ्यात भरतं."

"त्यासाठीच लाल आहे, बाशा."

चार दिवसांनी तोलबाच्या बदलीचा हुकूम निघाला. मन्सुऱ्याच्या रस्त्यावर खात्याचं भांडार होतं, तिथं कारकून म्हणून. हुकमात लिहिलं होतं की त्याच्या दीर्घ अनुभवाचा लाभ व्यापक प्रमाणात व्हावा म्हणून ही बदली. मास्कांच्या खोलीत वगीह नावाचा हवालदार बसला. मोठा देह, मोठ्या मिशा आणि त्याहून मोठी झोप. लाल चिठ्ठ्या त्याच दिवशी निघाल्या. फोटो छान आले.

तोलबानं घरी येऊन बायकोला हुकूम दाखवला आणि सगळं सांगितलं. इनायतनं कांदा भरलेलं बदक समोर ठेवलं. ते सणालाच व्हायचं.

"आज काय आहे?" त्यानं विचारलं.

"माझ्या नवऱ्यानं साहेबाला नाही म्हटलं, त्याचा सण," ती म्हणाली. "खा. परत कधी म्हणाल, भरवसा नाही."

त्यानं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "सात मास्क गाडीवर चढले गं," तो म्हणाला. "माझ्या नाही म्हणण्यानं मी तेवढा सुटलो. मास्क कुठं सुटले?"

भांडारावर उस्ताज लबीब होते. बारीक, चष्मेवाले, आयुष्यभर नियमांचं पुस्तक वाचलेले आणि त्यातच रमलेले. दुम्यातच्या माणसांच्या कंजूसपणावर मन्सुऱ्यात जेवढे विनोद आहेत तेवढे सगळे त्यांना पाठ होते, आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी ते तोलबावर संपवले. "काय रे, घरून डबा आणलास की नुसता वास घेऊन आलास?" तोलबा मुकाट्यानं डबा उघडून अर्धा त्यांच्यापुढं करायचा. अर्धा डबा रोज मिळायला लागल्यावर विनोद बंद पडले.

भांडारात काहीही मागितलं तर सापडत नसे आणि न मागितलेलं पायात येत असे. तिसऱ्या आठवड्यात तोलबा मागच्या फळ्या आवरत होता. 'कार्यालयीन फर्निचर, किरकोळ' अशी पाटी असलेल्या फळीवर एक पुठ्ठ्याचं खोकं सापडलं. आत शंखजिऱ्याची पूड मारलेल्या छोट्या बंद पिशव्या, आणि पिशव्यांत नाण्याएवढ्या पातळ काळ्या चकत्या. त्यानं एक बोटांत धरून वाकवली. ती मऊपणे वाकली आणि सोडल्यावर सपाट झाली. तारीख बघितली. रबर ताजं होतं.

"उस्ताज लबीब," तो हळू आवाजात म्हणाला, "हे काय आहे?"

लबीबनी चष्मा वर केला. "ते? टेबलाच्या पायाखाली लावायच्या चकत्या. उत्तम आहेत. माझ्या टेबलाला चार लावल्यात. चार वर्षांत डुगडुगलं नाही."

तोलबा खाली वाकला. टेबलाच्या चारी पायांखाली त्याच्या चार मास्कांचा श्वास होता. तो तिथंच फरशीवर बसला. रडावं की हसावं ते न कळून त्यानं टेबलाचा पाय धरला, आणि लबीबना वाटलं त्याला चक्कर आली.

सगळं ऐकून घेतल्यावर लबीब गंभीर झाले. माणूस पुस्तकी असला तरी दगड नव्हता. "घेऊन जा म्हटलं असतं," ते म्हणाले, "पण देता येत नाही. सुटे भाग नादुरुस्त संचासाठी मिळतात. तुमचं केंद्र शंभर टक्के तंदुरुस्त आहे. इथं कागद आहे, कर्नलसाहेबांच्या सहीशिक्क्यासह. धडधाकट माणसाला औषध दिलं तर देणारा तुरुंगात जातो."

"मग सात मास्क नादुरुस्त आहेत असं त्यांनी लिहून दिलं तर?"

"तर लगेच."

तोलबा दुसऱ्या दिवशी रजा घेऊन नशात बेंकडं गेला. ते जिन्याचा कठडा कुठल्या रंगानं रंगवावा या विचारात होते.

"चकत्या सापडल्या, बाशा. फक्त एक ओळ लिहून द्या."

"म्हणजे मी लिहून देऊ की मागच्या महिन्यात मी खोटं लिहिलं?"

"नाही बाशा. आजच बिघडले असं लिहा."

"एका दिवसात सात?" नशात बे दुखावले. "माझ्या कारकिर्दीत? तोलबा, तू गेलास पण तुझा एकसष्टचा आकडा अजून इथं फिरतोय. जा. आम्हाला कशाचीही गरज नाही."

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघून लबीबना काय झालं ते कळलं. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. दोन दिवस ते वाचत होते, जेवतानासुद्धा. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या केंद्राला रबरी, गोल, नग अठरा असं कधी काही गेलंय?"

"बेसिनची बुचं," तोलबा म्हणाला.

"त्यातलं एखादं खराब?"

"एक गळतं. लाल चिठ्ठी बांधलीय मी."

लबीबचा चेहरा उजळला. "मग ऐक. संचातला एक नग खराब निघाला तर पूर्ण संच त्याच शीर्षकाखाली बदलून मिळतो. कलम चव्वेचाळीस. चकती रबरी आहे?"

"आहे."

"गोल आहे?"

"आहे."

"तर मग सरकारच्या दृष्टीनं ती आणि बूच यात तसूभर फरक नाही. बुचावर सही करायला तुमच्या खोलीतला तो झोपाळू माणूस पुरे. बेसिनच्या बुचानं कुणाचे टक्के कमी होत नाहीत."

शुक्रवारी दुपारचा नमाज झाल्यावर तोलबा केंद्रात गेला. व्हरांडा रिकामा होता. वगीह त्याच्या जुन्या खुर्चीत मान टाकून पडला होता. समोर नोंदवही उघडी होती आणि पुढच्या तीन महिन्यांचे रकाने भरून झाले होते. तंदुरुस्त, तंदुरुस्त, तंदुरुस्त, अगदी ईदच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

"ऊठ रे, भविष्यवेत्त्या," तोलबा म्हणाला.

वगीह दचकून उठला. "अम तोलबा! या, या. चहा सांगू?"

"सही कर. बुचं बदलून हवीत म्हणून."

वगीहनं न वाचता सही केली. सही करण्यात त्याचा हात कधी अडखळत नसे. मग तोलबानं पिशव्या टेबलावर काढल्या आणि खुंटीवरचा चार नंबरचा मास्क खाली घेतला. "हा चढव."

"मी?"

"खोली तुझी ना? चढव. मिशा आत दाब. पट्टे खालून ओढ, आधी मानेचे. आता नळीवर तळवा ठेव आणि श्वास घे."

वगीहनं श्वास घेतला. मास्क चिकटला नाही. त्यानं जोर करून पुन्हा घेतला. हनुवटीखालून हवा खुशाल आत येत होती. "येतोय की श्वास," तो आतून म्हणाला. "मस्त येतोय."

"यायला नको आहे, गाढवा. तळव्यानं वाट बंद केलीयस, मग ही हवा कुठून येतेय? जिथून हवा येतेय तिथून धूर येईल."

वगीहनं मास्क काढला. मिशा घामानं ओल्या झाल्या होत्या. त्यानं मास्कवरचा नंबर बघितला, मग भिंतीवरचा कागद बघितला. कुठल्या गाडीवरच्या कुठल्या माणसाला कुठला संच, ते त्यावर लिहिलेलं होतं. चार नंबरपुढं नाव होतं सुबही. सुबही त्याचा धाकटा भाऊ.

मग त्यानं विचारलं, "मंगळवारी रंगाच्या दुकानात आग होती. सुबही हाच घालून गेला होता?"

"नोंदवहीत बघ," तोलबा म्हणाला.

वगीहनं बघितलं. तिथं त्याच्याच अक्षरात 'तंदुरुस्त' लिहिलेलं होतं. "परवापासून खोकतोय तो," वगीह म्हणाला. "मी म्हटलं सिगरेट कमी कर."

त्या दिवशी दोघं संध्याकाळपर्यंत बसले. तोलबानं पहिल्या दोन चकत्या बसवून दाखवल्या. जुनी काढताना चिमटा लावायचा नाही, बसवताना तेल लावायचं नाही, मध्यावरची गाठ ओढून खाली उतरवायची. बाकीच्या सोळा वगीहनं बसवल्या. जाड बोटांनी, जीभ दातांत धरून. सहा मास्क वगीहनं तपासले, मग त्याचा चेहरा सुजल्यामुळं उरलेले बारा तोलबानं तपासले. अठराच्या अठरा चिकटले. तोलबानं नोंदवहीकडं बघितलं. केंद्र खरोखर शंभर टक्के झालं होतं, आणि तसं लिहायला जागा नव्हती, कारण ते आधीच लिहून झालं होतं.

दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी, फोम आणि प्लायवुडच्या एका तीन मजली गोदामाला आग लागली. तोलबा भांडारातून मायक्रोबसनं घरी येत होता. पुलापाशी वाहनं खोळंबली, लांबवर काळा धूर उभा दिसला, आणि तो उतरून पळत सुटला. हातात डबा होता, तो वाटेत कुठं पडला त्याला कळलंही नाही.

गर्दीत घुसून तो दोरीपाशी आला तेव्हा चार जण आत होते. दुसऱ्या मजल्यावर दोन कारागीर अडकले होते. नशात बे नव्या रंगाच्या गाडीपाशी कंबरेवर हात ठेवून उभे होते, आणि फोटोवाला त्यांच्याभोवती फिरत होता. वगीह गाडीच्या मागं उभा होता, हातात पाटी आणि खडू. कोण किती वाजता किती हवा घेऊन आत गेला ते तो लिहीत होता. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तोलबा त्या शुक्रवारी बोलता बोलता एकदा बोलला होता, तेवढंच.

"सुबही किती वेळ झाला?" तोलबानं विचारलं.

"एकोणीस मिनिटं." वगीहनं पाटीवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "शिटी वाजली असेल आता."

धुरातून आधी शिटी ऐकू आली. बारीक, तीक्ष्ण, न थांबणारी. मग दोन माणसं आली, मधे एका कारागिराला धरलेलं. त्यांच्या मागून आणखी दोन, दुसऱ्या कारागिराला घेऊन. सुबही गुडघ्यांवर बसला आणि त्यानं मास्क काढला. मास्कबाहेरचं सगळं तोंड काजळीनं काळं होतं, आतला भाग गोरा, घामानं चकाकणारा. वगीहनं त्याला मिठीत घेतलं. तोलबानं दोघांना बाजूला सारून सुबहीची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं आणि खाली वाकून त्याच्या नाकात बघितलं.

"काय करताय, अम तोलबा?" सुबही हसला.

"गप. श्वास सोड."

नाकपुड्या स्वच्छ होत्या. ओठांच्या कडा स्वच्छ होत्या. तोलबा उरलेल्या तिघांकडं गेला आणि प्रत्येकाच्या नाकात बघून आला. लोकांना वाटलं हा कुणी डॉक्टर असावा. मग तो फुटपाथवर बसला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा केंद्रातल्या माणसांनी त्याला चारचौघांत डोळे पुसताना बघितलं. धूर गेला असेल डोळ्यांत, असं सगळ्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात नशात बेंचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'सज्जता शंभर टक्के.' त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं.

खरी आग त्यानंतर लागली. बुचं श्वसनसंचांच्या नोंदवहीत चढलेली असल्यामुळं कैरोच्या हिशेबनिसाला दिसलं की एका शंभर टक्के तंदुरुस्त केंद्रानं मास्कांच्या अठरा चकत्या वापरल्या आहेत. तंदुरुस्त संचाला नवे भाग लागतातच कशाला? म्हणजे एक तर चकत्या चोरीला गेल्या, नाही तर प्रमाणपत्र खोटं. तीन माणसांची समिती आली. अध्यक्ष होते इंजिनियर मुफीद. त्यांनी तोलबा, लबीब आणि वगीह यांना एका बाकावर बसवलं.

"चकत्या कुठं आहेत?"

"मास्कांत," तोलबा म्हणाला. "उघडून बघा."

त्यांनी तीन मास्क उघडले. चकत्या होत्या. चोरी नव्हती. मग उरलं प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रावर सही होती त्या माणसाची, ज्याला खात्यानं नुकतंच प्रशस्तिपत्र दिलं होतं, आणि प्रशस्तिपत्रावर सही होती ज्यांनी ही समिती नेमली त्यांची. इंजिनियर मुफीद यांनी घाम पुसला. बाहेर जाऊन दोन फोन केले. आत आल्यावर त्यांनी विचारलं, "या चकत्या बसवण्यापूर्वी संच कसे होते?"

"सात नादुरुस्त," तोलबा म्हणाला.

"मी असं विचारतोय," मुफीद प्रत्येक शब्द सावकाश उच्चारत म्हणाले, "की तंदुरुस्त संच तुम्ही अधिक तंदुरुस्त केलेत, असं म्हणता येईल का?"

"नाही म्हणता येणार."

"येईल, येईल," लबीब घाईघाईनं म्हणाले आणि बाकाखालून त्यांनी तोलबाच्या पायावर पाय दिला.

अहवालात तसंच लिहिलं गेलं. केंद्राची सज्जता शंभर टक्के होतीच, ती संबंधित कारकुनाच्या कृतीमुळं शंभराच्या वर गेली, ज्याला नियमांत तरतूद नाही. सबब गरजेपेक्षा अधिक तंदुरुस्ती केल्याबद्दल तोलबा शरबासी यांना लेखी ताकीद देण्यात येत आहे.

तोलबानं ताकीद घरी आणली. इनायतनं ती दोनदा वाचून घेतली आणि म्हणाली, "तीस वर्षांच्या संसारात तुम्ही माझं काहीही गरजेपेक्षा जास्त केलेलं मला आठवत नाही. हे लोक कुणाबद्दल बोलतायत?"

नशात बेंना बढती मिळाली. ते कैरोला गेले, साऱ्या देशाचे टक्के बघायला. तोलबानं आपल्या खोलीत परत जाण्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला, कारण ताकीद मिळालेल्या माणसाला जबाबदारीचं काम देता येत नाही. निवृत्तीपर्यंत तो भांडारातच राहिला आणि 'कार्यालयीन फर्निचर, किरकोळ' या फळीवरून त्यानं आणखी काय काय सोडवलं, त्याचा हिशेब लबीबनाही लागला नाही.

केंद्रात नवे प्रमुख म्हणून मेजर इस्मत आले. कोरडा, कमी बोलणारा माणूस. पहिल्या आठवड्यात त्यांनी वगीहला उभं करून विचारलं, "संच किती?"

"अठरा, बाशा."

"धड किती?"

मिशा वगीहनं एव्हाना कानाकडून कापून निम्म्या केल्या होत्या, कारण टोकं मास्कच्या कडेत अडकत. "पंधरा, बाशा."

मेजर इस्मत त्याच्याकडं बघत राहिले. वगीहला वाटलं, आता बदली. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं. "पंधरा," ते म्हणाले आणि लिहिलं. "उरलेल्यांना काय हवंय त्याची यादी दे."

त्या संध्याकाळी वगीह मुशब्बक नावाची पाकातली मिठाई एक किलो घेऊन तोलबाच्या घरी आला. पाक ठिबकत होता, पायजमा चिकट झाला होता, आणि जिना चढून त्याला धाप लागली होती. इनायतनं दार उघडलं तर तो दारातूनच ओरडला, "अम तोलबा! पंधरा सांगितले मी! तोंडावर सांगितले, आणि त्यांनी लिहिले!"

इनायत हसली. आत जाऊन तिनं चहा टाकला. तिला वाटलं आता तरी हा माणूस म्हणेल, शाबास.

तोलबा खुर्चीतून अर्धवट उठला होता. "कुठले तीन?" त्यानं विचारलं.

"दोन, नऊ आणि तेरा."

"नऊ? नऊला काय झालं?"

"काटा सरकतोय. मिनिटाला बारा रेघा."

"नळीचं वायसर बघितलंस? आधी वायसर बघायचं. नऊ चांगला आहे रे, नऊचा पट्टा मी स्वतः शिवलाय. सिलिंडर घट्ट बसवला होतास का?"

"बसवला होता."

"हातानं की पान्यानं?"

वगीहनं हातातल्या पुडीकडं बघितलं. "पान्यानं."

"पान्यानं!" तोलबा कपाळावर हात मारून म्हणाला. "मग वायसर चिरडणार नाही तर काय होईल? बस. बस इथं. कागद आण गं कुणीतरी."

कागद आला, मुशब्बकाची पुडी त्यावर ठेवायला म्हणून आलेला. पुडी बाजूला सारून तोलबा त्यावर वायसरचं चित्र काढायला लागला, आणि वगीह पाकाच्या बोटांनी कागदाची कड धरून बसला.